वेशीच्या दगडावरचं पातं

चिंधूमामा, तुमच्या वहाणा काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

किसनचा फोन आला तेव्हा मी नारायणगावात, दुकानात, द्राक्षछाटणीच्या कात्र्यांना धार लावत बसलो होतो. "भाऊ, बा गेला," तुमचा लेक एवढंच म्हणाला आणि मग बराच वेळ नुसता वारा ऐकू येत राहिला. तुमच्या वाडीत रेंज टेकाडावरच मिळते आणि श्रावणात तिथला वारा थांबत नाही. मग तो म्हणाला, "राईच्या वेशीवर बसल्याला गावला. तुमी या." मी मशीन बंद केलं, अर्धवट धारेची कात्री तशीच ठेवली आणि निघालो. मंचर, घोडेगाव, डिंभ्याचं धरण आणि मग वर, धुक्यात. पंधरा वर्षं त्या रस्त्यानं येतोय. त्या दिवशी पहिल्यांदाच मला पोचायची घाई नव्हती.

तुम्हाला तोवर घरी आणलं होतं, पण किसननं मला आधी देवराईच्या वेशीवर नेलं. दगडावर तुमचा कोयता होता, पातं मावळतीकडे करून, तुम्ही नेहमी ठेवायचात तसा. दगडाच्या अलीकडे तुमच्या वहाणा होत्या. शेजारी शेजारी, नीट, तोंडं वाडीकडे केलेल्या. आत गेलेला माणूस परत आल्यावर पायात सरळ घालता याव्यात म्हणून काढून ठेवतो, तशा. "मी हात लावला न्हाई आजून," किसन म्हणाला. "तुमी बगा एकदा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाच्या तळपायाला काळा पाला चिकाटल्याला व्हता, भाऊ. राईतला. हितं भायेर तसला पाला न्हाई."

अकरा वर्षं तुम्ही त्या दगडाच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. का टाकलं नव्हतं, हेही वाडीला ठाऊक होतं, पण ते खरं नव्हतं. खरं काय ते एकट्या मला माहीत आहे, अशी माझी तेव्हा समजूत होती. आता सांगतो ते आधीच सांगायला हवं होतं. तुम्ही समोर बसून विडी वळत होतात तेव्हा.

आपली ओळख चाकूवरून झाली आणि भांडणही चाकूवरूनच सुरू झालं. मी तेव्हा तिशीतला, नवाच रानाचा नाद लागलेला. आहुप्याची मोठी राई बघायला म्हणून आलो आणि वाट चुकून अलीकडच्या तुमच्या वाडीत शिरलो. कमरेला मागवून घेतलेला चाकू होता. मूठ पोकळ, मुठीच्या टोपणात होकायंत्र, आत काड्या, गळ, दोरा, सुई. रानात अडकलेल्या माणसाला जे जे लागेल ते सगळं त्यात होतं. मी तुमच्या ओट्यावर एकेक वस्तू काढून मांडली. तुम्ही शांतपणे सगळं पाहिलंत आणि विचारलंत, "समदं झ्याक हाय पावणं. पर चाकू कुटंय ह्यात?"

मला राग आला. धारेचा धंदा आमच्या घरात दोन पिढ्यांचा, आणि हा डोंगरातला माणूस मला विचारतो. तुम्ही एक वाळकं लाकूड पुढे ठेवलंत आणि म्हणालात, "चिरा बरं." मी पातं लाकडावर ठेवून वरून दांडक्यानं ठोकलं, व्हिडिओत पाहिलं होतं तसं. तिसऱ्या ठोक्याला मूठ माझ्या हातात राहिली आणि पातं उडून कुडाच्या भिंतीत रुतलं. आतून मामींचा आवाज आला, "कोन पावना आणलाय ह्यो, भिताड फोडनारा?" तुम्ही हसलात ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर. होकायंत्र अजून चालू होतं. ते घेऊन तुम्ही म्हणालात, "ह्ये ठेवा. चाकू कुटं पडला ते शोधाया."

मग तुम्ही कमरेला पाठीमागे बांधलेल्या लाकडी आकडीतून कोयता काढून माझ्यासमोर ठेवलात. हातात दिला नाहीत. जमिनीवर ठेवलात आणि हात मागे घेतलात, म्हणजे मी उचलावा. पातं असंच द्यायचं, हे मला पुढे कळलं. हातातून हातात पातं गेलं की एकाच्या मनातलं दुसऱ्याला लागतं, म्हणून आधी भुईला द्यायचं आणि घेणाऱ्यानं भुईकडून घ्यायचं. मी हसलो होतो. आता दुकानात गिऱ्हाइकालाही मी सुरी फळीवर ठेवूनच देतो आणि लोक मला विक्षिप्त समजतात.

त्या कोयत्याचं पातं मुठीतून आरपार जाऊन मागं ठोकून वळवलेलं होतं. पेठ गावच्या लोहारानं ट्रकच्या मोडक्या कमानपट्टीतून घडवलेला. हमरस्त्यावर कमानी मोडतात आणि त्या लोखंडाला पेठला कोयत्याचा जन्म मिळतो, असं तुम्ही म्हणायचात. पुढे घोडेगावच्या बाजारात तुम्ही मला कोयता निवडायला शिकवलंत. नखानं टिचकी मारून आवाज ऐकायचा. बद्द वाजला की खाली ठेवायचा, आत चीर आहे. धार आभाळाकडे करून एका डोळ्यानं बघायची, जिथं चमकेल तिथं ती बोथट आहे, कारण खऱ्या धारेवर उजेड टिकत नाही. मूठ ओल्या हातानं धरून बघायची, आणि डोळे मिटून. "पावसात आन भ्याल्यावर हात कसा धरतो ते बगायचं," तुम्ही म्हणालात. "दुकानात काय, समदेच नीट धरत्यात." लोहाराच्या पाण्यावर तर तुमचा भारी कटाक्ष. जास्त पाणी दिलेलं पातं काचेसारखं तुटतं, कमी दिलेलं वाकतं, आणि हे दगडावर घासताना येणाऱ्या आवाजावरून तुम्ही ओळखायचात. मी मान हलवायचो आणि घरी येऊन गुपचूप करून बघायचो. दरवेळी तुमचंच बरोबर निघायचं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

उलट वाद मात्र घातला, पंधरा वर्षं. रानात एकच पातं न्यायचं झालं तर कोणतं? मी म्हणायचो जाड, एकसंध, पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, वीतभर लांब, पात्याच्या मुळाशी करवतीसारखे दात. दोर कापायला दात हवेतच. तसा दुसरा चाकू मी आणलाही. तुम्ही तो भुईवरून उचललात, तोलून पाहिलात आणि म्हणालात, "ह्यो बरा हाय. पर दात कशाला? दाताला धार लावता येत न्हाई. आन दाताचा घाव लपत न्हाई." मग तुमचं म्हणणं काय, एकच पातं कोणतं? तुम्ही विडी झटकलीत. "जे ठिवून जाता येतं त्ये." हे काय उत्तर झालं, मी म्हटलं. नीट सांगा. "सांगीन कवातरी," म्हणालात. आणि बिबट्या आला तर, मी विचारलं. आमच्या जुन्नरकडच्या उसात बिबटे निघतात, त्यामुळे माझ्या डोक्यात कायम तेच. "बिबट्याला चाकू न्हाई, खाकरा," तुम्ही म्हणालात. "मान्साचा आवाज आला की त्ये आपून जातंय. चाकू बगायला त्ये थांबत न्हाई."

घाव वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. एकदा पायवाटेवर तोडलेली कारवी पाहून तुम्ही बसलात. ही डावखुऱ्यानं तोडली, म्हणालात, खालून वर, कोयता बोथट, टोकाला खाच पडलेला, आज सकाळी. अर्ध्या तासानं वाटेत भारा घेतलेली एक बाई भेटली. कोयता डाव्या हातात, टोकाला खाच. मी तिच्याकडे भूत बघितल्यासारखा बघत राहिलो आणि ती म्हणाली, "ह्ये पावणं येडं हाय का काय?" तुमचा स्वतःचा घाव तर मी डोळे मिटून ओळखायचो. दोन घाव, मग एक श्वास, मग तिसरा. खट्, खट्, थांबा, खट्. घाट उतरताना धुक्यात तुम्ही दिसत नसलात तरी त्या आवाजावरून मी वाट धरायचो.

राईचं मात्र वेगळं. देवाचं रान ते, तिथं लोखंड चालत नाही. कोयता, विळा, सुई, सगळं वेशीच्या दगडावर ठेवून आत जायचं. आतलं पान तोडायचं नाही, पडलेलं उचलायचं नाही. पहिल्याच दिवशी तुम्ही आणखी एक सांगितलंत. आतून कधी कोयत्याचा आवाज आला तर उत्तर द्यायचं नाही. हाळी घालायची नाही, खाकरायचंसुद्धा नाही. मी विचारलं, आत लोखंडच नाही तर कोयत्याचा आवाज येईल कुठून? "म्हून तर उत्तर द्याचं न्हाई," तुम्ही म्हणालात.

आता त्या दिवसाचं.

अकरा वर्षांपूर्वीचा श्रावण. राईतल्या देवापुढे वर्षातून एकदा लावायच्या दिव्याची पाळी तुमच्या घरात होती, तुमच्या बापापासून, त्याच्याही बापापासून. दिव्याआधी जागा झाडायला तुम्ही निघालात आणि मला बरोबर घेतलंत. बाहेरच्याला नेत नाहीत, तरी नेलंत. वेशीवर तुम्ही कोयता ठेवलात. मी गाडीची किल्ली ठेवली, पट्टा काढला, खिशातली नाणी काढली. तुम्ही विचारलंत, "झालं समदं? लोखंड न्हाई ना आंगावर?" मी म्हणालो, "नाही मामा, सगळं काढलं." दाताचा चाकू माझ्या पोटरीला बांधलेला होता, पँटच्या आत. रानात शिरणाऱ्यानं पातं अंगावेगळं करायचं नाही, असं मी कुठंतरी ऐकलं होतं आणि त्या वेळी मला ते तुमच्या देवापेक्षा शहाणपणाचं वाटत होतं. तुम्हाला फसवलं याचं थोडं कौतुकही वाटलं, खोटं कशाला बोलू.

भरदुपार होती, पण आत उजेड मळका होता. धुकं जमिनीपासून गुडघाभर वर थांबलं होतं आणि झाडांचे बुंधे त्यात बुडालेले. तुम्ही मला एका झाडापाशी उभं केलंत आणि देवाकडे गेलात. झाडूचा आवाज यायला लागला. माझ्या डोक्यावरून अंगठ्याएवढी जाड वेल लोंबत होती. वेल कापली की त्यातून प्यायचं पाणी निघतं, हे मी पाहिलं होतं. मला तहान लागलेली नव्हती, मामा. हे मी स्वतःपासूनही लपवत आलो. श्रावणातल्या डोंगरात तहान कुणाला लागते? मला नुसतं बघायचं होतं.

चाकू काढला. धारेनं निम्मी कापली, मग पातं अडकलं, म्हणून दातांनी करवतली. पाणी निघालं नाही. तांबडा चीक आला, दाट, आणि माझ्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला. कापलेलं टोक डोळ्यांसमोर हलत राहिलं. वारा नव्हता. मी पातं पँटला पुसलं, बांधलं, आणि तेवढ्यात आवाज आला. खट्. एकच घाव. लांबून, उजवीकडून. मला वाटलं तुम्हीच काहीतरी तोडताय, आणि मग आठवलं की तुमचा कोयता बाहेर दगडावर आहे. पुन्हा, खट्. थोडा जवळ. मी वळलो, तर तुम्ही डावीकडून येत होतात, हातात फक्त झाडू. आवाज तुम्हीही ऐकला होतात. ओठांवर बोट ठेवून तुम्ही मला मागे यायची खूण केलीत.

दहा मिनिटांची वाट. तुम्ही जन्मभर चाललेले. आपण चाललो, चाललो, आणि कापलेल्या वेलीपाशी आलो. तुम्ही दिशा बदललीत. पुन्हा वेल. धुकं इतकं दाट नव्हतं की वाट दिसू नये. वाट दिसत होती, फक्त ती कुठं पोचत नव्हती. मधूनमधून तो घाव, कधी पुढून, कधी पाठीमागून, आणि दरवेळी एकच. तिसऱ्यांदा वेल समोर आली तेव्हा तिचा चीक काळा पडला होता, जणू कापून दिवस झाले. पोटरीवरचं पातं मला गार लागत होतं. इतकं गार की पाय बधिर झाला.

तुम्ही वेलीपुढे उभे राहिलात, माझ्याकडे पाठ करून. तळहात घावावर ठेवलात. किती वेळ, माहीत नाही, कारण मी मान खाली घातली होती. मग तुम्ही खाली बसलात, वहाण काढलीत, उलटी केलीत आणि मला दाखवलीत. टाचेत दोन खिळे होते. "माज्याच वहाणंला लोखंड हाय, पावणं. घोडेगावात ठोकून घेतल्यालं. ध्यानातच ऱ्हायलं न्हाई माज्या." दगडानं उचकटून तुम्ही ते काढलेत आणि मुंडाशाच्या शेवात बांधलेत. मी कसंबसं विचारलं, "आणि ही वेल?" तुम्ही मागे न बघता म्हणालात, "शेकरानं कुरतडली आसंल." अनवाणी निघालात. पाचव्या मिनिटाला वेशीचा दगड दिसला.

दिवस कलायच्या आत तुम्ही वाडीतल्या देवळाच्या पायरीवर जाणत्या म्हाताऱ्यांपुढे उभे राहिलात आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलंत की माझ्या वहाणेला लोखंड होतं. नियम ठरलेला. बारा वर्षं वेशीच्या आत पाय नाही आणि तोवर दिव्याची पाळी दुसऱ्या घराला. तुमच्या बापाचा पितळी दिवा तुम्ही तिथल्या तिथे दुसऱ्याच्या ओंजळीत ठेवलात. मी पाच हातांवर उभा होतो, चाकू पायाला बांधून. बाहेरच्यानं आत पातं चालवलं तर त्याला वाडीत पुन्हा पाऊल नाही, हे मला ठाऊक होतं. मला तुमची वाडी हवी होती. तुमचा ओटा, मामींची नाचणीची भाकरी, ती विडी, तो वाद, सगळं हवं होतं. म्हणून मी गप्प बसलो. भित्रा होतो, दुसरं काही नाही.

त्यानंतर मी जास्तच यायला लागलो. वाडीतल्या एकूण एक कोयत्याला, विळ्याला धार लावून दिली. लोक म्हणायचे पावणं लई मायाळू. दिव्याच्या दिवशी सगळे आत जायचे आणि तुम्ही वेशीबाहेर दगडाला टेकून बसायचात, आत बघत. मी शेजारी. मीही पुन्हा आत गेलो नाही, पण मला कुणी अडवलेलं नव्हतं आणि तुम्हाला अडवलेलं होतं. कितीदा तोंड उघडलं, मामा. "त्या दिवशी ना मामा..." एवढं म्हणायचो आणि तुम्ही लगेच, "त्या इळ्याला धार उलटी बसलीया का बगा जरा." मला वाटायचं तुमचं लक्ष नाही. सुटल्यासारखंही वाटायचं.

चाकू मी दुकानाच्या खालच्या खणात ठेवला होता. दातांमधला तांबडा डाग मी रॉकेलनं धुतला, घासला, ब्रशनं कोरला. उन्हाळ्यात तो नाहीसा व्हायचा. श्रावणात खण उघडला की दातांच्या खाचा ओल्या असायच्या आणि बोटाला चिकट लागायच्या. दमट हवा, जुनं वंगण, असं काहीबाही मी स्वतःला सांगायचो. धारेच्या धंद्यातला माणूस मी, वंगण कसं दिसतं मला माहीत आहे. पुढे पुढे श्रावणात मी तो खण उघडतच नसे.

तुमच्या दहाव्याला मी तो चाकू फडक्यात गुंडाळून घेऊन आलो. सगळं उरकल्यावर मामी ओट्यावर एकट्या बसल्या होत्या. बारा वर्षं भरायला एकच श्रावण राहिला होता, असं कोणीतरी नुकतंच हळहळून गेलं होतं. मी खाली बसलो आणि सांगितलं. चाकू, पोटरी, वेल, चीक, मामांच्या वहाणा, देवळाची पायरी. मामी बाहेर पावसाच्या भुरभुरीकडे बघत होत्या. झाल्यावर उठल्या, आत गेल्या, आणि पत्र्याच्या पेटीचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी एक पुरचुंडी माझ्या पुढ्यात जमिनीवर ठेवली आणि हात मागे घेतला.

पातं द्यावं तशी. मी ती भुईवरून उचलली.

तुमच्या मुंडाशाचा फाटका शेव होता. आत दोन गंजलेले खिळे आणि बोटभर लांबीचं वेलीचं वाळकं टोक. टोकाचा निम्मा घाव गुळगुळीत आणि निम्मा खरबरीत, एकाला एक लागून बारीक रेघा. दाताच्या. डावीकडून उजवीकडे ओढलेल्या. कारवीवरून बाईचा हात ओळखणाऱ्या माणसाला तो घाव वाचायला किती वेळ लागला असेल? हे मला अकरा वर्षांत एकदाही सुचलं नाही, असं म्हणणार होतो. सुचू दिलं नाही, हे खरं.

"जानती मान्सं दुसऱ्या दिशी आत बगाया जानार व्हती," मामी म्हणाल्या. "घाव त्येंनाबी वाचता येतो. म्हून त्यानं टोक हातानं मोडून आनलं. पावण्याला याया जागा ऱ्हावी म्हनला. त्याचं त्यो सांगंल म्हनला कवातरी. सांगितलं तर ह्ये द्याचं. न्हाई सांगितलं तर ऱ्हाऊ द्याचं पेटीत."

"तुम्हाला कधी सांगितलं त्यांनी?"

"त्याच दिशी."

"म्हणजे अकरा वर्षं तुम्ही मला..." भाकरी वाढत होतात, असं मला म्हणायचं होतं. ते पुरं झालं नाही.

"तुमी खात व्हता," मामी म्हणाल्या. "मी वाडत व्हते."

मग मी विचारलं, शेवटच्या दिवशी मामा राईत गेले होते का? मामींनी पदर सारखा केला. "त्ये मला ठावं न्हाई. सकाळच्या पारी उठला, बरा व्हता, च्या पेला. म्हनला, येल बगून येतो, जुळली का." एवढं सांगून त्या उठल्या आणि चुलीकडे गेल्या.

मी देवळाच्या पायरीवर गेलो. जाणत्यांपुढे टोक ठेवलं, चाकू ठेवला, सांगितलं. किसन तिथेच होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. सगळ्यात थोरले आजोबा बराच वेळ टोकावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "चिंध्यानं त्याची भोगली. तुमची तुमी भोगा, पावणं. बारा. वाडीत येत जावा, आत न्हाई. तुमाला येता यावं म्हून त्यानं येवढं केलं, त्ये आमी कशापायी मोडू?" दिवा किसनच्या घरात परत आला. किसननं तो घेतला, पुसला, आणि जाता जाता माझ्यापाशी थांबला. शिवी देईल असं मला वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बाला आतली लई आवड व्हती, भाऊ. लहानपनी मला खांद्यावर घेऊन जायाचा." आणि गेला. आता तो फोन करत नाही. मी करतो, तो उचलतो, हां-हूं करतो. उचलतो हेच पुष्कळ आहे.

तुमच्यावर मी रागावलोही आहे, मामा. एकदा तरी चाकू मागायचात. एकदा म्हणायचंत, पावणं, पोटरी दाखवा. मी तेव्हाच रडून मोकळा झालो असतो आणि तुम्ही अकरा दिवे आतून पाहिले असते. पण तुम्ही पातं कुणाच्या हातातून कधी काढून घेतलं नाहीत. समोरच्यानं खाली ठेवायची वाट बघत बसलात, आणि मी इतका उशीर केला की घेणाराच उरला नाही. याचं काय करायचं ते मला कळत नाही. दुकानात धार लावता लावता मधेच मशीन बंद करतो आणि नुसता बसतो.

काल पुन्हा आलो होतो. दुपारची वेळ, धुकं तसंच गुडघाभर. तुमच्या घरावरून येताना तुमचा कोयता आढ्याला अडकवलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. हात लावून पाहिला. वेशीवर कुणी नव्हतं. वहाणा किसननं नेल्या होत्या, पण जिथं होत्या तिथं गवत अजून दबलेलं होतं, सतरा दिवसांनंतरही, दोन पावलांएवढं. मी फडकं सोडलं. दातांच्या खाचा कोरड्या ठाक होत्या. भर श्रावणात, पहिल्यांदा.

चाकू हातात होता तेव्हाच आतून आवाज आला. खट्, खट्. मग एक श्वास. मग खट्.

मी हाळी घातली नाही, मामा. खाकरलो नाही. तोंडावर हात दाबून उभा राहिलो, कारण शब्द अगदी ओठांशी आला होता. पुन्हा दोन घाव, पुन्हा तो थांबा, आणि तिसरा जरा जवळून. मी चाकू दगडावर ठेवला, पातं मावळतीकडे करून, हात मागे घेतला, आणि तुम्ही उचलाल म्हणून वाट बघत बसलो.